पाऊस काय सुरू करतो?

"पिगा मवॉल शिजाखेस्सॉयो?" बाईंनी विचारलं. पावसानं काय सुरू केलं?

जूनचा शेवटचा आठवडा होता. वाचनालयाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, कोरियन भाषेच्या शनिवारच्या वर्गात, आम्ही अकरा जणी आणि दोघे जण बसलो होतो. खिडकीबाहेर दक्षिण कोरियातल्या बुसानच्या पावसाळ्याची, इथल्या भाषेत चांगमाची, पहिली सर आली आणि बाईंनी माझ्याकडे बोट करून वाक्य मागितलं. मी म्हणाले, "पिगा शिजाखेस्सॉयो." पी म्हणजे पाऊस आणि शिजाखादा म्हणजे सुरू करणे. कर्ता आला, क्रियापद आलं, भूतकाळ आला, आदरार्थी शेपूट आलं. मराठीत 'पाऊस सुरू झाला' एवढं पुरतं, त्याहून जास्त मला काही सांगायचंही नव्हतं.

बाई मात्र खरोखरच उत्तराची वाट बघत होत्या. पावसानं सुरू केलं, पण काय? शेजारची व्हिएतनामी मुलगी हळूच म्हणाली, "ओगी." येणं. पावसानं येणं सुरू केलं. पिगा ओगी शिजाखेस्सॉयो.

घरी जाताना बसमध्ये मी ते वाक्य तोंडातल्या तोंडात घोळवत होते. पाऊस येतो, हे आपल्यासारखंच आहे. कोरियनमध्येही पाऊस पडण्याआधी येतो, पाहुण्यासारखा. पण तो आपलं येणं स्वतः सुरू करतो हे मला नवीन होतं. रत्नागिरीला माझी आजी म्हणायची, "पाऊस लागायच्या आत घर शाकारून घ्या." पाऊस लागतो. मृग लागतो, श्रावण लागतो, शाळा लागते, भूक लागते, नाद लागतो, ओढ लागते, वेड लागतं. आपल्याकडची निम्मी सुरुवात अशी कुठून तरी येऊन माणसाला चिकटते. ती कुणी करत नाही.

मी बुसानला आले 2022 च्या फेब्रुवारीअखेर. नवरा जहाजबांधणीच्या आराखड्यांचं काम करतो, त्याच्या कामासाठी आलो. कोरियात शाळेचं वर्ष मार्चमध्ये सुरू होतं. 1 मार्च हा 1919 च्या स्वातंत्र्यचळवळीच्या स्मरणाचा सुट्टीचा दिवस, आणि दुसऱ्याच दिवशी पाठीवर दप्तर. आयुष्यभर शाळा म्हणजे जून, नव्या पुस्तकांचा आणि ओल्या रेनकोटाचा एकत्र वास, असं डोक्यात बसलेलं. इथे उघड्या फांद्यांखालून, कडाक्याच्या वाऱ्यात लेकीला पहिलीच्या वर्गात सोडलं तेव्हा मला ती सुरुवात वाटेचना. तिला मात्र वाटली असावी. मे महिना येईपर्यंत ती झोपेत कोरियन बडबडायला लागली होती.

आणि मी वाट बघत होते. हे आता लिहिताना कळतं, तेव्हा कळत नव्हतं. मराठीत भाषा येते. 'तुला कोरियन येतं का?' असं माहेरून फोनवर विचारत आणि मी म्हणत असे, "अजून नाही, येईल." लिपी मात्र दोन आठवड्यांत आली होती. 24 मुळाक्षरं, त्यांची चौकटीतली मांडणी. राजा सेजोंगनं 1443 मध्ये ती तयार करवली आणि 1446 मध्ये प्रजेपुढे ठेवली ती सामान्य माणसाला लिहिता यावं म्हणूनच. दुकानांच्या पाट्या मी घडाघडा वाचायचे आणि एकाही पाटीचा अर्थ मला लागायचा नाही. भाषा आपोआप येईल अशा समजुतीत दोन वर्षं गेली. औषधाच्या दुकानात बोटानं दाखवायचं, लेकीच्या शिक्षिकेला मान लववायची, लिफ्टमधल्या शेजारणीला हसून दाखवायचं.

या वाट बघण्याला आणखी एक कारण होतं, ते घरचं. माझे वडील संस्कृतचे शिक्षक. त्यांचं एक आवडतं सुभाषित होतं: 'अनारम्भो हि कार्याणां प्रथमं बुद्धिलक्षणम्।' कामं सुरूच न करणं हे बुद्धीचं पहिलं लक्षण, आणि सुरू केलेलं तडीस नेणं हे दुसरं. मी पेटी शिकायला लागले आणि चार महिन्यांत सोडली, तेव्हा ते सुभाषित घरात म्हटलं गेलं. विणकाम अर्ध्यात राहिलं, पुन्हा म्हटलं गेलं. जर्मनच्या वर्गाला नाव घातलं, तेव्हा तर आधीच म्हटलं गेलं. वडील रागावत नसत. शांतपणे म्हणत, आणि त्यातून जे माझ्यात उतरलं ते त्यांना बहुधा अभिप्रेतही नसेल. पण उतरलं खरं. पंचेचाळिशीच्या उंबऱ्यावर मी कुठल्याही नव्या गोष्टीपुढे उभी राहिले की आधी ती अर्धवट टाकलेली दिसायची, मग ती गोष्ट दिसायची.

शनिवारच्या वर्गाला गेले ते लेकीमुळे. शाळेच्या क्रीडादिनाला पालकांची शर्यत होती. मैदानावर शिक्षक ओरडले, "चुनबी, शिजाक!" तयार, सुरू! सगळ्या आया धावत सुटल्या. मला शब्द माहीत होते, पण ते कानातून पायापर्यंत पोचायला वेळ लागला आणि मी रेषेवर उभीच राहिले. लेक काही बोलली नाही. रात्री झोपताना तिनं विचारलं, "आई, तुला शिजाक कळलं नाही?" त्या आठवड्यात मी वाचनालयात जाऊन नाव नोंदवलं.

आमच्या बाई निवृत्त शाळाशिक्षिका, सत्तरीच्या आसपासच्या. आम्ही त्यांना सॉन्सेंगनिम म्हणतो, पण मनात मी त्यांना बाईच म्हणते. वर्गात व्हिएतनाम, नेपाळ, उझबेकिस्तान, फिलिपीन्स इथल्या बायका. बहुतेक लग्न होऊन इथे आलेल्या. दर शनिवारी दहाच्या ठोक्याला बाई खडू उचलून म्हणतात, "चा, शिजाखाल्कायो?" हं, सुरू करू या का? हा प्रश्न त्या शिष्टाचार म्हणून विचारत नाहीत. आम्ही 'हो' म्हणेपर्यंत थांबतात.

या शब्दावर मी त्या पावसानंतर बरेच दिवस घालवले, त्यामुळे त्याच्याबद्दल जरा सविस्तर सांगायचं आहे. मूळ शब्द शिजाक. त्याच्यापुढे हादा लागतं, म्हणजे करणे. आपण 'आरंभ' घेतो आणि त्याला 'करणे' जोडतो तसंच. लिहिताना 'शिजाक-हादा', पण म्हणताना क आणि ह एकमेकांत विरघळतात आणि ऐकू येतं 'शिजाखादा'. पुढे स्वर आला तर तोच क मऊ होऊन ग होतो: शिजाक अधिक इ, शिजागी. हे वहीत लिहिताना मला वडिलांचा आवाज ऐकू आला. वाक् अधिक ईश, वागीश. वाक् अधिक हरि, वाग्घरि. आठवीत संधी पाठ करताना मला वाटायचं की हे नियम कुणीतरी मुलांना छळायला केलेत. दोन भाषांचं एकमेकींशी काही नातं नाही, पण दोघींच्या तोंडात क स्वराला टेकला की मऊ होतो आणि ह ला भेटला की त्याला पोटात घेतो. तो संधी मी त्या दिवशी पहिल्यांदा जिभेवर अनुभवला.

एकदा बाईंनी फळ्यावर शिजाकची जुनी चिनी अक्षरं काढली. संस्कृतातून आपण जसे शब्द घेतले तसे कोरियननं चिनी भाषेतून घेतले, आणि आपल्या 'सुरू'चं मूळ अरबी आहे हे जसं भाजीवालीशी बोलताना कुणाच्या मनात येत नाही तसं शिजाकचं मूळही तिथे कुणाच्या मनात येत नाही. पहिलं अक्षर आरंभाचं. त्याच्या डाव्या अंगाला स्त्रीचं चिन्ह आहे. दुसरं अक्षर घडवण्याचं, करण्याचं. म्हणजे शिजाखादा या एका शब्दात करणं दोनदा आलं आहे, एकदा जुन्या अक्षरात आणि एकदा हादामध्ये. बाई म्हणाल्या, कन्फ्यूशिअसच्या संवादांत ही दोन अक्षरं शेजारीशेजारी येतात. संगीत कसं उलगडतं हे तो दरबारच्या संगीतप्रमुखाला सांगतो तिथे: सुरुवातीला सगळा नाद एकदम उठतो, आणि मग तो मोकळा सुटला की जुळत जातो, स्पष्ट होतो, अखंड वाहतो. आमचा वर्ग सुरू होताना तेरा तोंडांतून तेरा उच्चार एकदम निघतात. बाईंना तो गोंगाट कधी त्रासदायक का वाटत नाही, ते मला त्या दिवशी समजलं.

मराठी माणसाला कोरियन फार लवकर घरची वाटते. क्रियापद शेवटी येतं, कर्ता गाळला तरी चालतो, मोठ्यांसाठी वेगळं रूप असतं. जोडक्रियापदं तर थक्क करणारी. करून बघणे म्हणजे हे पोदा, त्यातलं पोदा म्हणजे बघणंच. करून देणे म्हणजे हे जुदा, त्यातलं जुदा म्हणजे देणं. करून टाकणे म्हणजे हे बॉरिदा, आणि बॉरिदाचा मूळ अर्थ टाकून देणं. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच मोठ्यानं हसले होते. 'मॉगॉ बोदा', खाऊन बघणे!

म्हणून मी 'लागणे' शोधत राहिले. बोलू लागली, चालू लागली, पडू लागला. क्रियापदाच्या शेपटीला बांधता येईल असं एखादं छोटंसं लागणं कोरियनमध्येही असेल अशी माझी खात्री होती. ते मिळालं नाही. बघणं, देणं, टाकणं, ठेवणं सगळं आहे, पण आरंभासाठी आधी क्रियापद सोलून त्याला 'गी' लावायचं, त्याचं नाम करायचं, येणं, बोलणं, खाणं, आणि मग त्या नामापुढे उभं राहून ते सुरू करायचं. आधी कामाचं नाव घ्यायचं, मग शिजाक. 'पावसानं काय सुरू केलं?' हा बाईंचा प्रश्न व्याकरणाचाच होता. कामाचं नाव घेतल्याशिवाय आरंभ नाही.

शिजाक-त्वेदा असंही एक रूप आहे, सुरू होणे. सभा सुरू होते, सिनेमा सुरू होतो, चांगमा सुरू होतो. आपल्या 'करणे' आणि 'होणे'सारखीच ही जोडी. मला अर्थातच होणं जवळचं वाटायचं. जिथे शक्य तिथे मी त्वेदा घालायची आणि बाई तांबड्या पेननं पुष्कळदा ते खोडून हादा करायच्या. शेजारी शेरा नसायचा.

गृहपाठाला पाच वाक्यं होती, पाचही 'गी शिजाखेस्सॉयो'नं संपणारी. चार मी पुस्तकातून बेतली. पाचवं मनातलं लिहिलं: हांगुंगमारी ओगी शिजाखेस्सॉयो. कोरियन भाषा यायला लागली. खरं तर तेव्हा ती तितकीशी आलीही नव्हती, पण एके दिवशी बसमधली घोषणा मला अख्खी समजली होती आणि त्या आनंदात लिहिलं होतं.

बाईंनी ते वाक्य दोनदा वाचलं. मग विचारलं, "भाषा कुठून येते?"

मी हातवारे करून, तुटक शब्दांत सांगायचा प्रयत्न केला की आमच्याकडे भाषा माणसाकडे येते. पोहणं येतं, स्वयंपाक येतो, गाणं येतं. आणि येत नसेल तर येत नाही. बाई लक्ष देऊन ऐकत होत्या. म्हणाल्या, सुंदर आहे. मग त्यांनी फळ्यावर लिहिलं, हांगुंगमारुल हागी शिजाखेस्सॉयो. कोरियन भाषा करायला सुरुवात केली. कोरियनमध्ये भाषा करतात. बोलणं करतात. चांगली बोलणारीला म्हणतात, 'चाल हेयो', छान करते.

मी ते वाक्य वहीत उतरवलं आणि लिहिताना माझा हात जड झाला होता. 'यायला लागली' यात मी कुठेच नव्हते. आली तर तिची कृपा, नाही आली तर माझा काय दोष? 'करायला सुरुवात केली' यात मी होते, आणि मी असले की वडिलांचं सुभाषितही होतं. सुरू केलंस, आता तडीस ने.

त्याच आठवड्यात बाईंनी एक म्हण शिकवली. शिजागी पानिदा. सुरुवात म्हणजे अर्धं. चांगली सुरुवात, नीट सुरुवात असं काही त्यात नाही. नुसती सुरुवात. कशीबशी, वेडीवाकडी केलेली सुद्धा निम्मी. फळ्यावरची ती दोनच शब्दांची ओळ बघत मी खूप वेळ बसले. एका घरात आरंभ न करणं शहाणपणाचं पहिलं लक्षण, आणि दुसऱ्या घरात आरंभालाच निम्मे गुण. कोरियन लोक काही भोळे नाहीत. त्यांच्याकडे चाकशिम सामिल हाही शब्द आहे, मनाशी बांधलेली गाठ तीन दिवसांची. आपला आरंभशूर तिथेही राहतो, शेजारच्याच गल्लीत. पण आपण आरंभशूर म्हणतो तेव्हा माणसाला नाव ठेवतो. त्यांनी निश्चयाला नाव ठेवलं, तेही तीन दिवस मोजून दिले. चौथ्या दिवशी पुन्हा गाठ बांधायला आडकाठी नाही. ताशी शिजाक. पुन्हा सुरुवात.

वडिलांना मी ही म्हण फोनवर सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, "सुभाषितातली दुसरी ओळ लोक विसरतात, गं. मीही तुला बहुतेक पहिलीच ऐकवली."

आता बाजाराबद्दल. जागाल्छी हा बुसानच्या बंदरावरचा मासळीबाजार, कोरियातला सगळ्यांत नावाजलेला. जागाल म्हणजे किनाऱ्यावरचे गोटे. सगळं विकणं बायकांच्या हातात, रबरी बूट आणि चटकदार रंगांचे एप्रन घातलेल्या. बाजाराचं ब्रीद इथल्या बोलीत आहे: ओइसो, पोइसो, साइसो. या, बघा, घ्या. रत्नागिरीच्या मुलीला या बाजारात घर सापडलं नसतं तरच नवल. वाकटीला इथे काल्छी म्हणतात आणि आपल्या बांगड्याचा थोरला चुलतभाऊ कोदुंगॉ इथे ढिगांनी येतो. बुसाननं तर त्याला आपल्या शहराचा मासा म्हणून मान दिलाय.

तिथे मी एका इमोकडून मासे घेते. इमो म्हणजे मावशी, आईची बहीण. बाजारातल्या, खाणावळीतल्या बाईला इथे इमो म्हणतात, अगदी आपल्यासारखंच. ती मला इन्दोदेक म्हणते. बाईला माहेरच्या गावाच्या नावानं हाक मारायची इथली जुनी रीत आहे, त्यातलं हे, भारतवाली. बोलीभाषेमुळे तिचं अर्धं बोलणं मला कळत नाही. पण एकदा पावसात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा तिनं सावकाश सांगितलं की तिची आई उत्तरेची, हुंगनामची. डिसेंबर 1950 मध्ये युद्ध उलटलं तेव्हा हुंगनाम बंदरातून सुमारे 1 लाख नागरिक जहाजांतून दक्षिणेला आणले गेले, त्यांत तिची आई होती, पोरवयाची. बुसान तेव्हा तात्पुरती राजधानी होतं आणि डोंगरउतारांवर जिथे जागा मिळेल तिथे लोकांनी फळकुटांच्या झोपड्या ठोकल्या होत्या. आईनं या गोट्यांवर एक टोपली घेऊन बसायला सुरुवात केली. इमोनं यासाठी एवढंच म्हटलं, "ताशी शिजाखेत्ची." पुन्हा सुरू केलं की. कुणी, ते म्हटलं नाही. कोरियनमध्ये कर्ता गाळता येतो. मागे राहिलेल्या आजीबद्दल, घराबद्दल ती काही बोलली नाही आणि मी विचारलं नाही. ते विचारण्याएवढी भाषा माझ्याकडे नव्हती.

ऑगस्टमध्ये एक गोष्ट झाली. पहाटे गाडीनं जवळच कुणाला तरी सोडायला गेलो होतो, म्हणून लवकर बाजारात पोचले. इमो नुकतीच बर्फ पसरत होती. मी दोनतीन मासे उलटे करून बघितले, भाव विचारला, महाग वाटला, आणि हसून मान लववून निघाले. ती मागून काहीतरी म्हणाली. त्यात एक शब्द दोनदा आला, मासुगॉरी. तिचा चेहरा उतरला होता. मी तरी निघून गेले, कारण न समजलेल्या शब्दाशी काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं.

शनिवारी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, दिवसाची पहिली विक्री. ती नीट झाली तर दिवस नीट जातो असं बाजारात मानतात.

भवानी! मी वर्गात मराठीतच ओरडले. माझी आई भवानीच्या वेळी कधी घासाघीस करत नसे. कोळणीची टोपली नुकतीच उतरली असेल आणि आपण भाव विचारला असेल तर निदान एक वाटा घेऊनच उठायचं, रिकाम्या हातानं नाही, हे मला पाळण्यात असल्यापासून माहीत. आणि मी इमोची भवानी मोडून आले होते. दोन वर्षं ज्या दुकानात आले, त्या दुकानाच्या पहिल्या गिऱ्हाइकाचं कर्तव्य मला ठाऊक होतं, फक्त शब्द ठाऊक नव्हता. भाषा येत नसली की माणूस अडाणी ठरतो हे मी सोसलं होतं. पण भाषा येत नसली की माणूस उद्धटही ठरतो, हे मला त्या दिवशी फार लागलं.

बाईंनी माझा चेहरा बघितला असावा. वर्ग सुटताना त्यांनी मला थांबवलं आणि कागदावर एक ओळ लिहून दिली: मालमुनी थुइदा. म्हणाल्या, तू म्हणतेस तशी भाषा कोरियनमध्ये येत नाही, पण एक होतं. लहान मूल बोलायला लागलं, किंवा परका माणूस खूप दिवसांनी एकदम बोलता झाला, की असं म्हणतात. माल म्हणजे बोलणं, मुन म्हणजे दार. बोलण्याचं दार थुइदा. हा शेवटचा शब्द समजावायला त्यांना वेळ लागला. त्यांनी बोटांनी बी आणि त्यातून निघणारा कोंब दाखवला, स्सागी थुदा. मग खिडकीकडे हात करून पूर्वेचा उजेड दाखवला, तोंगी थुदा.

कोंब फुटतो. तांबडं फुटतं. वाचा फुटते.

तिन्हीकडे एकच क्रियापद, त्यांच्याकडेही आणि आपल्याकडेही. मी कागद हातात धरून उभी राहिले. जन्मात कधी न भेटलेल्या दोन भाषांनी बी, पहाट आणि पहिला शब्द या तीन गोष्टी एकाच मुठीत बांधून ठेवल्या होत्या. लागणं शोधत होते ते मिळालं नव्हतं, आणि हे न शोधता मिळालं. फुटणं करता येत नाही, हेही खरं. पण कुणीतरी बी पेरल्याखेरीज, पाणी घातल्याखेरीज कोंब फुटत नाही. बाईंच्या तांबड्या पेननं खोडलेले सगळे त्वेदा मला आठवले.

9 ऑक्टोबरला इथे लिपीचा दिवस असतो, हांगुल प्रकाशित झाल्याचा. सुट्टी. लेक आणि नवरा झोपलेले होते. मी पहिली मेट्रो पकडून जागाल्छी स्थानकावर उतरले. उजाडत होतं, समुद्रावरून गार वारा येत होता. इमोचे दिवे लागले होते आणि ती खोक्यातून कोदुंगॉ काढून रांगेत मांडत होती.

"इमो," मी म्हणाले, "मासुगॉरी झाली?"

तिनं वर बघितलं. तो शब्द माझ्या तोंडून आला हे कळायला तिला क्षणभर लागला. "अजून नाही."

"मग मी करते."

भाव विचारला नाही. दोन मोठे कोदुंगॉ दाखवले आणि 10,000 वॉनची हिरवी नोट पुढे केली. त्या नोटेवर राजा सेजोंग असतो. इमोनं नोट दोन्ही हातांनी घेतली, एकदा कपाळाशी नेल्यासारखी केली आणि एप्रनच्या खिशात सारली. मग म्हणाली की ऑगस्टमध्ये, त्या दिवशी, तिची पहिली विक्री दुपारी बारा वाजता झाली होती. तक्रारीचा सूर नव्हता. कुणाला तरी सांगायचं राहिलं होतं ते सांगितल्यासारखं ती बोलली.

मी माफी मागितली. पाठ केलेली माफी होती, बाईंनी तपासून दिलेली. ती संपल्यावर मी थांबायला हवं होतं, पण थांबले नाही. आमच्या गावातही अशीच पहिली विक्री असते, तिला देवीचं नाव आहे, माझी आई कोळणीकडून कधी रिकामी उठली नाही, आमचा कोदुंगॉ यापेक्षा लहान असतो आणि आम्ही त्यात ओल्या नारळाबरोबर तिरफळं घालतो, असं काहीबाही मी बोलत गेले. प्रत्यय चुकत होते. तिरफळाला कोरियन शब्द सापडेना, तेव्हा जिभेला येणाऱ्या मुंग्या दाखवायला मी जीभ बाहेर काढून तिच्यावर बोटं नाचवली. वाक्य अर्ध्यात तुटलं की इमो मला शब्द पुरवत होती आणि मी तो घेऊन पुढे जात होते.

एका माशाचं डोकं उडवून झालं होतं. दुसरा फळीवर होता. इमोनं सुरी खाली ठेवली, पाण्यानं हात धुतले आणि उलटं खोकं माझ्याकडे सरकवून म्हणाली, "बस. नारळापासून पुन्हा सांग."